कागद कुठे थांबला? : कार्यप्रक्रियांच्या आराखड्यांची समान भाषा

आम्ही माजी विद्यार्थी एकत्र जमलो की एक आठवण हमखास निघते. आमच्यापैकी एकाने दहावीनंतर महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला, सर्व दाखले जोडले आणि पोचही घेतली. वर्ष सरत आले तरी रक्कम मिळाली नाही. वडिलांनी मजुरी बुडवून तीन खेटे घातले. एका टेबलावर उत्तर मिळाले, "अर्ज पुढे गेला." दुसऱ्या टेबलावर उत्तर मिळाले, "आमच्याकडे आलाच नाही." ते काम अनेक वर्षे पाहणारे लिपिक बदलून गेले होते आणि त्यांच्या हातून अर्ज पुढे नेमका कोणाकडे जात असे, हे कोठेच लिहून ठेवलेले नव्हते. अखेर अर्ज एका कपाटात सापडला. वसतिगृहाचा दाखला येईल म्हणून तो तेथे थांबवून ठेवला होता. आमचा मित्र मात्र घरूनच ये-जा करीत असे. जो दाखला कधीच येणार नव्हता, त्याची वाट पाहत त्याचा अर्ज वर्षभर पडून राहिला.

या प्रसंगात कोणाचा हेतू वाईट होता, असे आम्हास वाटत नाही. कामाचा मार्ग एकाच माणसाच्या स्मरणात होता आणि तो माणूस गेल्यावर मार्गही गेला, हे खरे कारण होय. पुढे नोकरीच्या निमित्ताने आमच्यापैकी काहींचा संगणकक्षेत्राशी संबंध आला. मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खातीही याच अडचणीशी झगडत असतात, हे तेव्हा लक्षात आले. कामाचा मार्ग सर्वांना सारखाच वाचता येईल अशा रीतीने कसा मांडावा, आणि तो मांडलेला मार्ग एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर अर्थाला धक्का न लावता कसा न्यावा, या दोन प्रश्नांवर जगात अनेक दशके काम झाले आहे. त्या कामाचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचा शेवट त्या कपाटातल्या अर्जापाशीच होतो.

१. कार्यप्रक्रिया आणि तिचा आराखडा

अनेक हातांनी, ठरावीक क्रमाने, एखाद्या निश्चित फलासाठी केलेल्या कामांची साखळी म्हणजे कार्यप्रक्रिया. कर्जमंजुरी, रुग्णाची भरती, मालाची खरेदी, शाळेतील प्रवेश ही सर्व तिची उदाहरणे होत. या साखळीचे चित्र काढले की त्याला आपण आराखडा म्हणू. घराच्या नकाशावरून गवंडी, सुतार आणि वीजतंत्री आपापले काम ओळखतात. तसेच प्रक्रियेच्या आराखड्यावरून लिपिक, अधिकारी आणि संगणकप्रणाली तयार करणारा तंत्रज्ञ यांना आपापला वाटा ओळखता यावा, ही अपेक्षा असते.

नकाशाच्या बाबतीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो. दाराचे चिन्ह म्हणजे दारच, ते खिडकी नव्हे, यावर सर्वांचे आधीच एकमत झालेले असते. प्रक्रियांच्या आराखड्यांबाबत असे एकमत फार काळ नव्हते.

२. चित्रातून काम पाहण्याची परंपरा

या परंपरेचा आरंभ अमेरिकेतील फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याकडे जातो. फ्रँक यांनी उमेदवारी केली ती गवंडीकामाची. वीट उचलून भिंतीवर बसवेपर्यंत गवंड्याच्या हाताच्या किती हालचाली होतात आणि त्यांतील किती अनावश्यक असतात, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. लिलियन मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. या दोघांनी १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'प्रक्रियातक्ते' ही कल्पना मांडली. पुढे १९४७ साली याच संस्थेने अशा तक्त्यांसाठी पाच चिन्हांचे मानक प्रसिद्ध केले. वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी डी या अक्षराचा आकार म्हणजे खोळंबा आणि त्रिकोण म्हणजे साठवण. खोळंब्याला स्वतंत्र चिन्ह देण्यात मोठा विचार होता. जे चित्रात दिसते, त्याचा जाब विचारता येतो.

त्याच वर्षी हरमन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या आज्ञावलीचा ओघ दाखविणाऱ्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. शाळा-महाविद्यालयांत शिकविला जाणारा फ्लोचार्ट याच वंशातला. १९६२ साली जर्मनीतील कार्ल ॲडम पेट्री यांनी आपल्या प्रबंधातून एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचे गणिती वर्णन करण्याची पद्धत घडविली. ती 'पेट्री जाल' या नावाने ओळखली जाते. १९९२ च्या सुमारास जर्मनीतीलच सारब्रुकेन येथे ऑगस्ट-विल्हेल्म शेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटना आणि कार्ये यांची साखळी दाखविणारी आणखी एक पद्धत तयार केली. सॅप या कंपनीच्या प्रणालीबरोबर ती अनेक उद्योगांत पोहोचली. १९९७ साली सॉफ्टवेअरच्या आरेखनासाठी यूएमएल ही चिन्हपद्धती मान्य झाली आणि तिच्यातील कृती-आकृत्याही या कामी वापरल्या जाऊ लागल्या.

प्रत्येक पद्धत आपल्या जागी उपयुक्त होती. अडचण त्या एकत्र आल्यावर झाली. केवळ वर्तुळाचे उदाहरण घेऊ. १९४७ च्या प्रक्रियातक्त्यात वर्तुळ म्हणजे प्रत्यक्ष काम. फ्लोचार्टमध्ये लहान वर्तुळ म्हणजे तुटलेली रेषा पुढे जोडण्याची खूण. पेट्री जालात वर्तुळ म्हणजे एखादी स्थिती. एकच आकार, तीन वाचक आणि तीन अर्थ. कारखान्यातील अभियंत्याने काढलेले चित्र संगणकतज्ज्ञाने वाचले, तर त्याला ते कळले नाही असे होत नसे. त्याहून वाईट घडे. त्याला ते चुकीचे कळे आणि चूक झाली आहे हे दोघांच्याही लक्षात येत नसे.

३. फाइल उघडते, अर्थ उघडत नाही

१९९० च्या दशकात कार्यालयीन कामाचा प्रवाह संगणकावरून चालविणाऱ्या प्रणाली बाजारात आल्या. आराखडा एकदा प्रणालीत भरला की अर्ज आपोआप एका टेबलावरून पुढच्या टेबलाच्या पडद्यावर जाऊ लागला. सोय मोठी होती, पण प्रत्येक उत्पादकाची आराखडा साठविण्याची रीत वेगळी होती. एका कंपनीची प्रणाली सोडून दुसरीची घ्यावयाची झाल्यास सर्व आराखडे पुन्हा पहिल्यापासून काढावे लागत. संस्थेच्या कामाचे ज्ञान संस्थेचेच असे, पण त्याची किल्ली मात्र उत्पादकाच्या खिशात राही.

मराठीत लिहिणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या स्मरणिकांसाठी लेख गोळा करणाऱ्या प्रत्येक संपादकाने ती सोसली आहे. लेखकाने घरी एका फॉन्टमध्ये मजकूर टंकित केलेला असे. तो छापखान्यातील संगणकावर उघडला की पडद्यावर भलत्याच खुणांची रांग दिसे. फाइल उघडे, अक्षरे उघडत नसत. कारण 'क' या अक्षराला कोणता अंक द्यावयाचा, हे प्रत्येक फॉन्ट स्वतःपुरते ठरवीत असे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक दिले. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि आज पुण्यात लिहिलेले 'क' नागपुरात आणि लंडनमध्येही 'क'च राहते. प्रक्रियांच्या आराखड्यांना अशाच एका युनिकोडची आवश्यकता होती.

१९९३ साली स्थापन झालेल्या वर्कफ्लो मॅनेजमेंट कोएलिशन या संघटनेने हे काम हाती घेतले. उत्पादक, वापरकर्ते आणि अभ्यासक तिच्यात एकत्र आले. १९९५ साली तिने एक संदर्भ-आकृती प्रसिद्ध केली. कार्यप्रवाहाच्या प्रणालीचा बाहेरच्या जगाशी कोठे कोठे संबंध येतो, हे तिच्यात पाच जोडबिंदूंनी दाखविले होते. त्यांतील पहिलाच जोडबिंदू होता आराखड्यांच्या देवाणघेवाणीचा. यावरून प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येईल. १९९८ साली एक्सएमएल ही खुणा घातलेला मजकूर साठविण्याची सर्वसामान्य पद्धत मान्य झाली. तिच्या आधारे या संघटनेने २००२ साली एक्सपीडीएल ही आराखड्याची फाइल-भाषा प्रसिद्ध केली. एका साधनाने एक्सपीडीएलमध्ये लिहावे आणि दुसऱ्याने वाचावे, अशी ही योजना होती.

त्याच २००२ साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए या कंपन्यांनी मिळून बीपेल ही दुसरी भाषा पुढे आणली. पाच वर्षांनी, २००७ मध्ये, ओएसिस या मानकसंस्थेने तिची दुसरी आवृत्ती मान्य केली. संगणकाने प्रक्रिया प्रत्यक्ष चालवावी, हा बीपेलचा उद्देश होता. पण तिला स्वतःची चित्रलिपी नव्हती. यंत्राला ती समजे, लिपिकाला आणि अधिकाऱ्याला समजत नसे. ज्यांच्या कामाचे ते वर्णन होते, त्यांनाच ते वाचता येत नव्हते.

४. समान चिन्हलिपीचा जन्म

चित्राच्या बाजूने प्रयत्न करणारी तिसरी संस्था म्हणजे २००० साली स्थापन झालेली बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह. तिने मे २००४ मध्ये बीपीएमएन या चिन्हलिपीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आयबीएममधील स्टीफन व्हाइट यांचा तिच्या लेखनात प्रमुख वाटा होता. व्यवसायाचे काम जाणणारा माणूस आणि संगणकाचे काम जाणणारा माणूस या दोघांना एकच चित्र वाचता यावे, हे तिचे उद्दिष्ट होते. २००५ साली ही संस्था ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप, म्हणजे ओएमजी, या मोठ्या मानकसंस्थेत विलीन झाली आणि चिन्हलिपीची जबाबदारी ओएमजीकडे आली.

या लिपीची बाराखडी कठीण नाही. वर्तुळ म्हणजे घटना. बारीक रेषेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेषेचे म्हणजे शेवट आणि दुहेरी रेषेचे म्हणजे मधली घटना. गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम. तिरका चौकोन म्हणजे वाटा फुटण्याची किंवा मिळण्याची जागा. तिला गेटवे म्हणतात. सलग बाण कामांचा क्रम दाखवितो. पोहण्याच्या तलावात जसे पट्टे आखलेले असतात, तसे मोठ्या आयताला पूल आणि त्यातील पट्ट्यांना लेन म्हणतात. पूल म्हणजे सहसा एखादी स्वतंत्र संस्था किंवा पक्ष. लेन म्हणजे सहसा त्यातील व्यक्ती किंवा विभाग.

आता आपल्या मित्राचा अर्ज सोप्या रूपात या लिपीत मांडू. विद्यार्थी हा एक पूल, महाविद्यालय हा दुसरा आणि रक्कम मंजूर करणारे कार्यालय हा तिसरा. महाविद्यालयाच्या पुलात लिपिक आणि प्राचार्य अशा दोन लेन. विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाकडे जाणारा बाण तुटक असेल, कारण एका पुलातून दुसऱ्या पुलात फक्त संदेश जाऊ शकतो. कामाचा सलग बाण पुलाची कड ओलांडू शकत नाही, असा या लिपीचा नियम आहे. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण त्यात व्यवहाराचे एक मोठे सत्य आहे. आपल्या संस्थेतील पुढचे काम आपण ठरवू शकतो. दुसऱ्या संस्थेच्या बाबतीत मात्र आपण केवळ कागद पाठवू शकतो. तो पोहोचला की नाही, ही वेगळी घटना असते. "अर्ज पुढे गेला" आणि "आमच्याकडे आलाच नाही" ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे या तुटक बाणाने एका दृष्टिक्षेपात कळते.

गेटवेच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तिरक्या चौकोनात फुलीचे चिन्ह असेल किंवा तो रिकामा असेल, तर अनेक वाटांपैकी एकच वाट निवडावयाची. त्यात अधिकाचे चिन्ह असेल, तर सर्व वाटांनी काम एकाच वेळी सुरू करावयाचे. वाटा पुन्हा एकत्र येतात तेथेही हाच भेद लागू असतो. अधिकाच्या चिन्हाचा गेटवे सर्व वाटांवरचे काम येईपर्यंत थांबतो. फुलीचा गेटवे जे येईल ते लगेच पुढे सोडतो. हे समजून घेण्यासाठी अभ्यासक एका सोंगटीची कल्पना करतात. प्रक्रिया सुरू झाली की आरंभाच्या वर्तुळातून एक सोंगटी निघते आणि बाणांवरून चालू लागते. अधिकाच्या गेटवेपाशी तिच्या जितक्या वाटा तितक्या सोंगट्या होतात.

आता समजा, फुलीच्या गेटवेपाशी विचारले, "विद्यार्थी वसतिगृहात राहतो काय?" उत्तर होय असेल तर वसतिगृहाचा दाखला मागविणे, नसेल तर घरच्या पत्त्याची पडताळणी करणे. सोंगटी एकच असल्याने ती एकाच वाटेने जाईल. पण पुढे या दोन वाटा चुकून अधिकाच्या गेटवेने जोडल्या, तर तो गेटवे दुसऱ्या सोंगटीची वाट पाहत थांबेल. ती सोंगटी कधी निघालेलीच नसते. प्रक्रिया तेथेच कायमची अडकते. आमच्या मित्राचा अर्ज कपाटात नेमका याच कारणाने पडून होता. उलट चूकही संभवते. वाटा अधिकाने फोडल्या आणि फुलीने जोडल्या, तर एकाच अर्जाचे पुढचे काम दोनदा होईल, कदाचित रक्कमही दोनदा निघेल. चिन्हांचे अर्थ काटेकोर ठरलेले असले की अशा चुका कागदावरच सापडतात; त्या शोधून देणारी संगणकसाधनेही तयार करता येतात. तोंडी सांगितलेल्या पद्धतीत त्या विद्यार्थ्याचे वर्ष गेल्यावरच सापडतात.

मुदतीसाठीही या लिपीत चिन्ह आहे. कामाच्या आयताच्या कडेवर घड्याळाचे वर्तुळ काढले की त्याचा अर्थ होतो : इतक्या दिवसांत काम झाले नाही तर या दुसऱ्या वाटेने जावे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर नागरिकाला अपील करता येते, अशी त्यात तरतूद आहे. या लिपीत काढावयाचे झाल्यास ती तरतूद म्हणजे कडेवरचे ते घड्याळच होय.

५. चित्र आणि फाइल यांची गाठ

२००४ ची चिन्हलिपी लोकांना आवडली, पण तिच्यात मोठी उणीव होती. चित्र कसे काढावे हे तिने सांगितले; ते चित्र फाइलमध्ये कसे साठवावे हे सांगितले नाही. त्यामुळे दोन साधनांत एकसारखी दिसणारी चित्रे काढता येत, पण एकातले चित्र दुसऱ्यात नेता येत नसे. एक्सपीडीएलने २००५ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत या चिन्हांना जागा देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. काहींनी बीपीएमएनचे चित्र बीपेलमध्ये उतरविण्याचा मार्ग धरला. त्यात अडचण अशी की, चित्रात बाण कोठूनही कोठेही मागे-पुढे नेता येतो, तर बीपेलची रचना मुख्यतः एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी आहे. प्रत्येक चित्र तिच्यात सहज बसत नसे. आणि बीपेलमध्ये केलेली दुरुस्ती परत चित्रात आणणे त्याहून कठीण जाई.

जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीपीएमएनच्या दुसऱ्या आवृत्तीने ही गाठ बांधली. लिपीच्या पूर्ण नावातच बदल झाला. आधी ते केवळ 'चिन्हपद्धती'चे नाव होते, आता त्यात 'आराखडा आणि चिन्हपद्धती' असे दोन्ही शब्द आले. या आवृत्तीने चिन्हांबरोबर त्यांचे नेमके अर्थ, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांची एक्सएमएल फाइल अशा सर्व गोष्टी ठरवून दिल्या. २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानकसंस्था आयएसओ हिनेही ही लिपी १९५१० या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारली.

या फाइलची रचना पाहण्याजोगी आहे. तिच्यात दोन भाग असतात. पहिल्या भागात अर्थ असतो : अमुक क्रमांकाचे काम, त्याचे नाव 'दाखले तपासणे', अमुक बाण, तो या कामापासून निघून त्या कामापर्यंत जातो. दुसऱ्या भागात मांडणी असते : या कामाचा आयत कागदावर डावीकडून इतक्या आणि वरून इतक्या अंतरावर, इतका रुंद, इतका उंच, हा बाण या या बिंदूंवरून वळत जातो. हे दोन भाग वेगळे ठेवल्यामुळे चित्र कसेही हलवले तरी अर्थ बदलत नाही. आणि दुसऱ्या साधनाला अर्थ आणि मांडणी दोन्ही जशीच्या तशी मिळतात. एक्सएमएलचा पाया युनिकोडचा असल्याने कामांची नावे मराठीतही लिहिता येतात. ज्या लिपिकाला आणि पालकाला आराखडा वाचावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

प्रत्येक साधनाला सर्व चिन्हे येणे शक्य नाही, हेही मानकाने ओळखले आहे. केवळ वर्णनापुरती चिन्हे, विश्लेषणासाठी लागणारी चिन्हे आणि संगणकाने चालवावयाच्या आराखड्यासाठी लागणारी चिन्हे, असे गट त्यात आखून दिले आहेत. कोणते साधन कोणत्या गटापर्यंत जाते, हे त्यामुळे विचारता येते.

६. मानकाने काय साधते आणि काय साधत नाही

मानक छापले म्हणजे देवाणघेवाण सुरू झाली, असे होत नाही. फाइलमध्ये उत्पादकाला स्वतःची जादा माहिती जोडण्याची मुभा आहे. ती माहिती दुसऱ्या साधनाला समजेलच असे नाही. चित्र सुखरूप पोहोचते, पण प्रक्रिया चालविण्याचे बारकावे कित्येकदा मागे राहतात. म्हणून ओएमजीमध्ये एक स्वतंत्र कार्यगट आहे. ठरावीक नमुना-आराखडे निरनिराळ्या साधनांतून नेऊन, कोठे काय गळाले, हे तो तपासून प्रसिद्ध करतो. मानकाचा खरा कस अशा तपासणीतच लागतो.

दुसरी मर्यादा विपुलतेची. २००८ साली मायकेल त्सुर म्यूलेन आणि यान रेकर या अभ्यासकांनी प्रत्यक्ष वापरातील आराखडे तपासले. लिपीत सुमारे पन्नास चिन्हे उपलब्ध असताना एका आराखड्यात सरासरी नऊच्या आसपासच वेगवेगळी चिन्हे वापरलेली त्यांना आढळली. भाषा मोठी असली तरी नित्याचा व्यवहार थोड्या शब्दांवर चालतो, हा आपलाही अनुभव आहे. शिकणाऱ्याने यातून धीर घ्यावा. नऊ चिन्हे एका दुपारी शिकता येतात.

तिसरी मर्यादा अशी की, सर्वच काम आधी आखलेल्या वाटेने जात नाही. अनुभवी डॉक्टर रुग्ण पाहून पुढचे पाऊल ठरवितो. अशा कामांसाठी ओएमजीने २०१४ साली सीएमएमएन ही वेगळी पद्धत दिली आणि निर्णयांचे नियम मांडण्यासाठी २०१५ साली डीएमएन ही आणखी एक दिली. एकाच लिपीत सर्व काही कोंबण्याचा अट्टहास सोडणे हेही शहाणपणच होय.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. समान लिपी प्रक्रिया स्पष्ट करते. ती न्याय्य करीत नाही. गरिबाला दहा खेटे घालावयास लावणारी पद्धतसुद्धा या लिपीत निर्दोष आणि देखणी काढता येईल. मात्र ती काढल्यावर ते दहा खेटे सर्वांना दिसतील आणि त्यांतील कोणते अनावश्यक आहेत, हे बोट ठेवून विचारता येईल. आंधळा विश्वास किंवा आंधळा राग यांच्या जागी नेमका प्रश्न येतो. दुर्बळ माणसाच्या हाती नेमका प्रश्न असणे, ही साधी गोष्ट नाही.

७. आपण काय करावे

एवढ्या अभ्यासातून आमच्या मनात एक निष्कर्ष ठाम झाला. कामाचा मार्ग सर्वांना वाचता येईल अशा लिपीत मांडला आणि कोणत्याही साधनात उघडेल अशा फाइलमध्ये ठेवला, तर तो मार्ग त्यावरून चालणाऱ्यांचा होतो. तसे केले नाही, तर तो ज्याच्या डोक्यात आहे त्याचा, किंवा ज्याने प्रणाली विकली त्याचा राहतो. १९९३ पासून २०११ पर्यंतची अठरा वर्षांची खटपट याच हक्कासाठी होती, असे आम्ही समजतो.

आपल्या वसतिशाळेपासूनच याचा आरंभ करता येईल. नव्या विद्यार्थ्याचा प्रवेश, दाखल्यांची मागणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, भांडारातील धान्याचा हिशोब, आणि रात्री मूल आजारी पडले तर कोणी कोणाला उठवावे, वाहन कोठून आणावे, पालकांना कोणी कळवावे, या सर्व प्रक्रिया आज काही मोजक्या ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत. त्यांच्या निष्ठेवर शाळा चालली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर निवृत्त होऊ नये, हेही त्यांच्याविषयीच्या कृतज्ञतेचेच लक्षण ठरेल. एकेका प्रक्रियेसाठी संबंधितांना एकत्र बसवावे, आधी फळ्यावर खडूने चित्र काढावे, सर्वांनी मान्य केले की ते मानक फाइलमध्ये उतरवावे. या लिपीचे मूळ मानक ओएमजीकडून विनामूल्य मिळते आणि ती वापरणारी मुक्त साधनेही उपलब्ध आहेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना या कामात घेतल्यास त्यांना कौशल्यही मिळेल. प्रक्रियांचे विश्लेषण हा आज अनेक संगणक कंपन्यांत आणि बँकांत स्वतंत्र कामाचा विषय आहे.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. कोणत्याही कार्यालयात अर्ज देताना केवळ पोच घेऊन थांबू नये. हा कागद येथून कोणाकडे जाईल, किती दिवसांत जाईल आणि तो कशाची वाट पाहील, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदाच्या मागे लिहून ठेवावीत. चिन्हे येत नसली तरी हा आराखडाच होय.

आमच्या मित्राला अखेर शिष्यवृत्ती मिळाली, पण त्या वर्षीची फी भरण्यासाठी वडिलांनी काढलेले कर्ज पुढे तीन वर्षे फिटत राहिले. त्या तीन खेट्यांत त्यांनी प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला होता : माझ्या मुलाचा कागद कुठे थांबला आहे? त्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच्या आराखड्यावर बोट ठेवून देता येईल, अशी निदान एक संस्था आपण उभी करू या. आणि ती आपली शाळा असावी.